अपग्रेडआधी मिररमधली एक डिस्क काढून ठेवावी का?

रूट_रात्रपाळी
लिनक्स सर्व्हर, दोन डिस्क, एमडी-अ‍ॅडमचा रेड-१ (लिनक्सच्या या साधनाने केलेला मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा), आणि डेबियन १२ वरून १३ वर जायचंय. माझं मत: सर्व्हर व्यवस्थित शटडाउन करा, एक डिस्क काढून ठेवा आणि उरलेल्या डिस्कवर अपग्रेड करा. बिघडलंच तर ती काढून जुनी लावा, सर्व्हर होता तसा उभा. चालू सर्व्हरमधून मात्र डिस्क ओढू नका. तिच्यावरची फाइलसिस्टम अचानक वीज गेल्यासारखी अर्धवट राहते.

सेक्टर_शोधक
अजिबात पटत नाही. सगळ्यात जास्त फाइली बदलणार, नेमकं तेव्हाच राखीव डिस्क काढायची? आणि अपग्रेड पार पडलं तरी जीव भांड्यात पडत नाही. जुनी डिस्क परत जोडली की, बिटमॅप (कुठले तुकडे बदलले याची नोंद) नसेल तर, उरलेली डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचली जाते. ४ टीबीची डिस्क, सेकंदाला १५० एमबी, म्हणजे साधारण साडेसात तास. मध्येच एखादा सेक्टर वाचता आला नाही तर रीसिंक (एका डिस्कवरून दुसरीवर नक्कल) फसू शकतं, आणि तोवर तुमची जुनी प्रत निम्मी पुसली गेलेली असते. आगीतून फुफाट्यात!

रूट_रात्रपाळी
म्हणून तर आधी तपासायचं. सिंक-अ‍ॅक्शन या कर्नलच्या फाइलमध्ये ‘चेक’ लिहून पूर्ण अ‍ॅरे (मिररचा डिस्क-संच) वाचून घ्या, दोन्ही डिस्कवर स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या तपासणीची) लाँग टेस्ट चालवा. पेंडिंग (वाचता न येणारा) सेक्टर एक जरी दिसला तरी आधी डिस्क बदला, मग अपग्रेड. हे न करता जो मिरर तोडेल त्याच्या बाजूने मी बोलत नाहीये.

बूट_पंडित
डिस्क काढायची की नाही यावर वाद चाललाय, पण काढलेली डिस्क एकटी बूट होते का ते कुणी पाहिलं? ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींचा भाग) बहुतेक वेळा मिररमध्ये नसतंच. इन्स्टॉलर ते एकाच डिस्कवर वापरात घेतो, दुसरीवर असलं तर रिकामं. शिवाय एफएसटॅबमध्ये (बूटवेळी जोडायच्या पार्टिशनची यादी) त्याच एका पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक). ती डिस्क नसली की सिस्टमडी (बूटवेळी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) दीड मिनिट वाट बघतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतो. तेव्हा ईएफआयच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, बूट एंट्री टाका, एफएसटॅबच्या त्या ओळीत ‘नोफेल’ (नसलं तरी बूट अडवू नको) घाला. मिररबाहेरच्या स्वॅपलाही तेच. जुन्या बायोसवर असाल तर ग्रब (बूटलोडर) दोन्ही डिस्कवर बसवा. मग आळीपाळीने एकेक डिस्क काढून बूट करून बघा, पण दरवेळी परत जोडून सिंक पूर्ण होऊ द्या.

सेक्टर_शोधक
एवढा खटाटोप करण्यापेक्षा एलव्हीएम स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणारा) घ्या ना. बिघडलं तर मर्ज करून रीबूट.

बूट_पंडित
बूट पार्टिशन एलव्हीएमबाहेर असेल तर ते स्नॅपशॉटमध्ये येत नाही. रूट (मुख्य फाइलसिस्टम) जुनं आणि ग्रबचा डिफॉल्ट कर्नल नवा, असं त्रांगडं होतं. त्याचे मॉड्यूल जुन्या रूटमध्ये नसतात. आणि स्नॅपशॉटची जागा भरली की तो बाद.

तिसरी_डिस्क
खण रिकामा असेल तर तिसरी डिस्क जोडा आणि अ‍ॅरे तीन डिस्कचा करा. एमडीस्टॅटमध्ये (मिररची स्थिती दाखवणारी फाइल) तीन ‘यू’ (म्हणजे तिन्ही डिस्क चालू) दिसेपर्यंत थांबा. मग शटडाउन करून तिसरी काढा, अ‍ॅरे परत दोनचा करा आणि अपग्रेड करा. मिरर शाबूत, जुनी प्रतही हातात. तिसरीवरही ईएफआय हवंच.

सेक्टर_शोधक
हे मान्य. तरी याला बॅकअप म्हणू नका. चुकून पुसलेली फाइल मिररमध्ये जोडलेल्या सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते. आणि अपग्रेडनंतर डेटाबेसमध्ये आलेल्या नोंदी जुन्या डिस्कवर नसणारच. डंप (डेटाबेसची काढलेली प्रत) वेगळ्या मशीनवर हवा.

रूट_रात्रपाळी
तेही बरोबर. एक राहिलं: जुन्या डिस्कवर परत जाताना दोन्ही डिस्क एकदम लावून बूट करू नका. जिचा इव्हेंट काउंट (बदलांची मोजणी) जास्त तीच ताजी धरली जाते, दुसरीला कर्नल ‘नॉन-फ्रेश’ म्हणून बाहेर काढतो. म्हणजे बिघडलेलं अपग्रेडच परत चालू. आधी जुनी एकटी बूट करा, मग दुसरी जोडून तिचा सुपरब्लॉक (तिच्यावरची मिररची माहिती) पुसा आणि ती नवी म्हणून घाला. न पुसता घातलीत आणि बिटमॅप चालू असला, तर फक्त जुन्या डिस्कवर बदललेले तुकडेच सिंक होण्याचा धोका असतो. एमडीस्टॅट दोन ‘यू’ दाखवेल, पण दोन डिस्कवर वेगवेगळा डेटा.