मुलगा (अकरावी सायन्स) सतत चिडलेला, एकटा एकटा राहतो. मदत हवी आहे

द्राक्षवाली_ताई:

नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यात, तालुक्यापासून जरा आत राहतो. घरची द्राक्षबाग आहे. मुलगा सोळा वर्षांचा. दहावीला मार्क चांगले पडले म्हणून शहरात इंटिग्रेटेड कॉलेजला (कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचे क्लास एकत्र) घातला, होस्टेलवर ठेवला. दिवाळीला आला तो परत जायचं नावच काढत नाही.

रडला असता तर निदान कळलं असतं. हा नुसता चिडतो. 'जेवायला चल' म्हटलं तरी ताट सरकवतो. रात्रभर जागा, मग अकरापर्यंत अंथरुणात. क्रिकेटसाठी उन्हातान्हात पळणारा पोरगा, आता मित्र दारात आले तर 'नाही म्हणून सांग' म्हणतो. कपडे ढगळ व्हायला लागलेत. धाकट्या बहिणीशी तेवढा नीट बोलतो. परवा तिला म्हणाला, "मी नसतो तर पप्पांचे फीचे पैसे तरी वाचले असते." तिने येऊन मला सांगितलं. तेव्हापासून माझी झोप उडालीय.

सासूबाई दृष्ट काढतात. काढू देत, त्याने काही बिघडत नाही. ह्यांचं म्हणणं, लाड जास्त झाले, उचलून होस्टेलला सोडा, आपोआप ताळ्यावर येईल. डॉक्टरांचं नाव काढलं तर मुलगा म्हणतो, "मी काय वेडा आहे का?"

हे वयाचं आहे की आजार? आणि न्यायचं तर काय सांगून न्यायचं?

माणदेशी_गडी:

मोबाईल काढून घ्या आणि बागेत कामाला लावा. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

शाळेतली_समुपदेशक:

दादा, तुमच्या वेळीही होतं, त्याला नाव नव्हतं. आणि मोबाईल आत्ता हिसकावू नका, मित्रांशी उरलेला धागा तोच असेल.

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी बहिणीला बोललेलं वाक्य घ्या. आजच त्याला एकट्याला गाठून सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खरी नाही. उलट कुणीतरी विचारलं याने मुलांना हलकं वाटतं. उत्तर काहीही आलं तरी ओरडू नका, रडू नका, शपथा घालू नका. ऐका.

दुसरं, तुमची बाग आहे म्हणून मुद्दाम लिहिते. फवारणीची औषधं कुठे ठेवता? शेडमध्ये उघड्यावर असतील तर आजच कुलूप लावा, किल्ली तुमच्या दोघांकडेच. घरातल्या गोळ्याही आवरा. तो टोकाचा क्षण बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरतो. त्या वेळी हाताशी काही नसणं, यानेच कित्येक जीव वाचतात. 'हो' म्हणाला, किंवा कसं करायचं हेही ठरवलेलं दिसलं, तर एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलता येतं. आईवडिलांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.

वय की आजार? या वयात नैराश्य उदासीपेक्षा चिडचिडीतूनही दिसतं, म्हणून घरात ते 'माज' वाटतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, आवडीच्या गोष्टी, लक्ष सगळंच बिघडलं तर डॉक्टर गांभीर्याने घेतात. निदान मी इथे बसून करणार नाही, पण थांबू मात्र नका.

नेताना खोटं बोलू नका. "तुझी झोप आणि वजन गेलंय, ते तपासू" हे खरंच आहे. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, ते थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघतील, कारण त्यातल्या बिघाडानेही असाच थकवा येतो. पुढे मानसोपचारतज्ज्ञ. खाजगी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात विचारा. डॉक्टरांना मुलाशी थोडा वेळ एकट्याशी बोलू द्या. गोळ्या दिल्याच तर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

कोल्हापूरचा_बाबा:

होस्टेलला परत पाठवायच्या आधी तिथे काय घडलं ते काढा. रॅगिंग, मारहाण, नापास झाल्याची लाज, काहीही असू शकतं. आमची लेक समोर बसवून विचारलं की दगड. गाडीवर मागे बसली की बोलायची, तोंड बघावं लागत नाही म्हणून. तुमच्या मिस्टरांनाच सांगा त्याला घेऊन चक्कर मारायला, पण अभ्यासाचा विषय काढायचा नाही.

द्राक्षवाली_ताई:

विचारलं. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "वाटतं कधी कधी, पण करणार नाही." हे दाराबाहेर उभे होते. काही बोलले नाहीत, बॅटरी घेऊन शेडकडे गेले आणि कुलूप लावून आले. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, हे पण येणार आहेत. एकच राहिलं, धाकटी सातवीत आहे. तिला किती सांगू?

शाळेतली_समुपदेशक:

'वाटतं कधी कधी' हेही 'हो'च धरा, सोमवारची वाट न बघता आजच दाखवा. तोपर्यंत त्याला एकटं सोडू नका, रात्री त्याच्या खोलीत कुणीतरी झोपा, आणि तो जे बोलला ते डॉक्टरांना त्याच्याच शब्दांत सांगा. मध्येच बिनसल्यासारखं वाटलं तर तडक दवाखाना गाठा. धाकटीला एवढंच सांगा: दादा आजारी आहे, आपण डॉक्टरांकडे नेतोय, तू सांगितलंस ते बरोबर केलंस. त्याच्यावर नजर ठेवायचं काम मात्र तिच्यावर टाकू नका.