चाळीच्या सागवानी तुळईतून पेनोनेसारखं झाड निघेल का?

लालबागचा_पक्या
मंडळी, आमची चाळ पाडली. भंगारवाल्याशी भांडून एक तुळई मिळवली. बर्मा टीक, दहाएक फूट. सध्या भावाच्या गाळ्यात आडवी पडलीय आणि वहिनी रोज विचारते, हिचं काय करणार?
ज्युसेप्पे पेनोने या इटालियन शिल्पकाराची कामं फोटोत पाहिली. करवतून चौकोनी केलेल्या तुळईतलं एकच वर्षवलय, म्हणजे झाडाच्या एका वर्षाच्या वाढीचं कडं, पकडायचं, बाहेरचं लाकूड तासून टाकायचं, की आतून त्या वयाचं कोवळं झाड फांद्यांसकट उभं! १९६९ मध्ये तो स्वतः २२ वर्षांचा होता, तर झाडही त्यानं २२ वर्षांचंच काढलं. मला हे जमेल का? मी बँकेत असतो, पटाशी धरता येते एवढंच.

कोळसा_कागद
जमेल की नाही ते सुतार सांगतील, पण नक्कल कशाला? ही सगळी आर्ते पोवेराची मंडळी, म्हणजे साध्यासुध्या वस्तूंतून कला करणारी इटालियन चळवळ. हे नाव समीक्षक जेर्मानो चेलांतनं १९६७ मध्ये दिलं. त्यातल्याच जोवान्नी आन्सेल्मोनं ग्रॅनाइटच्या ठोकळ्याला तांब्याच्या तारेनं छोटा दगड बांधला आणि मध्ये लेट्यूसचा गड्डा अडकवला. पाला सुकला की दगड खाली. म्हणजे संग्रहालयानं ताजी भाजी आणत राहायची! असं काहीतरी स्वतःचं शोधा.

रंधेवाली_माहीम
नक्कल करू दे हो त्यांना, हात तसाच बसतो.
पक्या, आधी पटाशी खाली ठेवा आणि तुळईचं टोक बघा. ते भिंतीत होतं, त्यामुळे चुना-डांबर लागलेलं असणार. बोटभर कापून काढा, रंधा मारा, ओल्या फडक्यानं पुसा. सागाची वलयं स्पष्ट दिसतात. पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था त्यांवरूनच जुने पावसाळे शोधते. वलयं पूर्ण गोल असतील तर गाभा आत आहे, म्हणजे तरुण झाड तुमच्याकडे आहे. नुसत्या कमानी दिसल्या तर तुळई ओंडक्याच्या कडेची. मग विषय संपला, तिचं बाक करा.
आता गाठी. फांदी गाभ्यापासून निघते, पुढची वलयं तिला वेढत जातात, तीच गाठ. वलय धरून तासत गेलात की तिथं खुंट उभा राहतो. पेनोनेचं १९८०-८२ चं बारा मीटरचं झाड लंडनच्या टेट कलासंग्रहालयात आहे, ते अमेरिकन लार्च या सूचिपर्णी झाडाचं. त्या जातीला खोडभर बारीक फांद्या. आपला कोवळा साग म्हणजे सरळसोट काठी आणि वर सुपाएवढी पानं! त्यात चाळ बांधणाऱ्यांनी माल बिनगाठीचा निवडलेला. दोन-चार खुंट मिळाले तरी खूप. मला तशी बोडकी काठीही आवडेल, पण फोटोतलं झाड मनात धरलंत तर चिडाल.
गाठीपाशी लाकडाची रेषा फिरते. तिथं हातोडी हलकी ठेवा, नाहीतर खुंटच उडेल. आणि आधी लोहचुंबक फिरवा! कुणी पाळणा टांगलेला असतो, कुणी कंदील, खिळे मोडून आत राहतात. पटाशीची धार पहिल्याच खिळ्याला जाते.
सगळी तुळई तासू नका. पेनोनेही एक भाग चौकोनी ठेवतो, म्हणून तर झाड कशातून निघालं ते कळतं.

लालबागचा_पक्या
ताई, टोक कापलं. वलयं आहेत! पण गाभा मधोमध नाही, एका कोपऱ्याकडे सरकलाय.

रंधेवाली_माहीम
जवळच्या बाजूपासून किती इंच? तीनच्या आत असेल तर बाविसावं वलय त्या बाजूला करवतीत केव्हाच गेलं असेल. टोकावर पेन्सिलीनं एकेक वलय गिरवा. जे शेवटचं पूर्ण गोल येईल, तेच तुमच्या झाडाचं वय. आणि वहिनींना आधीच सांगून ठेवा, भुसा पोत्यानं निघेल.