एकही पॉइंट न बघितलेलं महाबळेश्वर (अनुभव धागा)

सुपारीकातरी:
सकाळी फॅमिली ग्रुपवर वेण्णा लेकला हिमकण पडल्याचे फोटो आले. दरवर्षी येतात, जेट्टीवर नि गाड्यांच्या टपावर पांढरा थर, खाली काकालोकांचं ठरलेलं 'आपलं काश्मीर'. पण यावेळी ती जेट्टी बघितली आणि मला एकदम २००८ चा जानेवारी आठवला.

मी आणि कॉलेजची मैत्रीण, स्वारगेटहून पहाटेचा लाल डबा. वाईपर्यंत ती माझ्या खांद्यावर झोपलेली, पसरणी घाटात जागी झाली ती थेट 'मला उलटी येतेय' म्हणतच, मग पाचगणी येईपर्यंत मी तिच्या तोंडासमोर माझी ओढणी धरून, नवीन होती हो. स्टँडवर उतरतोय तोच टॅक्सीवाले 'ताई सगळे पॉइंट, संध्याकाळी सनसेट'. ती म्हणाली मला एकही पॉइंट बघायचा नाही, मला नुसतं बसायचंय.

मग बाजारातून रमतगमत निघालो. चणेवाल्यांकडे चव बघता बघताच निम्मं पोट भरलं, लाजेकाजेस्तव पावशेर विकत घेतले. पायी पायी लेकवर. पायडल बोट घेतली, ती उजवीकडे वळवतेय मी डावीकडे, अर्धा तास एकाच जागी गरागरा. काठावरून बोटवाले काका ओरडतायत, आम्ही हसून हसून बेजार. मग पाल्यासकट गाजराची जुडी घेतली नि काठावर बसलो. तीन तास. काय बोललो विचाराल तर एक वाक्य आठवत नाही. पाला मात्र शेजारच्या घोड्याने खाल्ला.

पाचच्या गाडीने परत. आईने विचारलं सनसेट कुठून बघितला, म्हटलं वाई स्टँडवरून.

आता ती बंगळुरात, आमचं बोलणं म्हणजे वाढदिवसाला केकचा इमोजी. तर लिहा तुमचेही. तळ्याकाठचं गाव आणि सोबत एक जण, एवढीच अट.

चणेफुटाणे:
गाजरं!!! आम्ही दर वेळी दोन जुड्या घेतो. एक गाडीत खायला, एक घरी न्यायला. दुसरी पण गाडीतच संपते.

कृष्णाकाठ:
छान लिहिलंय. एक भर घालतो, ते तळं नैसर्गिक नाही, साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधून घेतलंय. मी हेच मित्राला बोटीत बसून सविस्तर सांगत होतो. मालकम पेठेच्या नावापर्यंत आलो, गव्हर्नर माल्कम वगैरे, वळून बघतो तर हा झोपलेला. बोटवाला म्हणाला सांगा साहेब, मी ऐकतोय.

चणेफुटाणे:
@कृष्णाकाठ बोटवाल्याला पर्याय कुठे होता, पाण्यात होता बिचारा 😂

दोनकपचहा:
मैत्रीण म्हणून जाऊ चालेल का? नवरे नि पोरं पॉइंट बघायला पिटाळली आणि आम्ही दोघी क्षेत्र महाबळेश्वरला. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडतं, कृष्णा वेण्णा कोयना सावित्री गायत्री पाचही तिथलंच म्हणतात. जाऊबाईंनी बाटली भरली आणि हटून बसल्या की यातली सावित्री वेगळी काढता येईल का, कारण ती कोकणात जाते आणि त्यांचं माहेर महाडचं. मी म्हटलं अहो वहिनी, पाणी आहे का ड

सॉरी अर्धंच गेलं, कुकर होता. तर बाटली घरी आली, अजून देवघरात आहे, लेबल लावलंय 'सावित्री'.

मिलिंद_नव्हे_मुकुंद:
आम्ही नैनिताल. गाडी काठगोदामला चार तास लेट, सगळा प्लॅन बोंबलला, मग काय, तल्लीताल ते मल्लीताल मॉल रोडने जायचं आणि यायचं, तीनदा, तळं एकाच बाजूला मग दुसऱ्या बाजूला. बाल मिठाई घेतली, त्यावर साखरेचे पांढरे दाणे असतात, आमचा मित्र ते एकेक नखाने काढून टाकत बसला, त्याला वाटलं पॅकिंगचं थर्माकोल आहे.

एकटी_नीज:
कोडाईकनालचं तळं चांदणीच्या आकाराचं आहे म्हणतात. काठाने भाड्याच्या सायकलवर फिरलो, चांदणी काही कळली नाही, नुसती वळणं आणि मैत्रिणीची सटकणारी चेन.

खाडीपलीकडचा:
ठाण्याची तलावपाळी चालेल का, बोट आहे, तळं आहे, मित्र आहे. टुरिस्ट आम्हीच, डोंबिवलीचे.

कृष्णाकाठ:
व्हिसा लगेच मिळाला का?

खाडीपलीकडचा:
फास्ट लोकलमध्ये शिरायला मिळालं तोच व्हिसा

गवतीचहा:
माझी मैत्रीण २०२१ मध्ये गेली. आम्ही पाचगणीला टेबललँडवर सतरंजी टाकून झोपलो होतो दुपारी, तिच्या नाकाचं टोक उन्हाने सोलून निघालं, लग्नाच्या फोटोत पण दिसतंय. आज अल्बम काढला.

सुपारीकातरी:
@गवतीचहा अगं. काय बोलू. जमलं तर तिच्याबद्दल अजून लिही, आम्ही वाचू.

पुणेरी_पाटी_नको:
स्वारगेटहून सकाळची पहिली गाडी किती वाजता आहे आता? सासूबाईंना न्यायचंय. त्यांना घाट लागतो.

दोनकपचहा:
घाटासाठी आवळासुपारी. आणि पुढच्या सीटवर बसवा, खिडकी त्यांची. पुस्तकांची आवड असेल तर भिलारला पण न्या, पुस्तकांचं गाव, घराघरात पुस्तकं ठेवलीयत, आमच्या सासऱ्यांना तिथून अक्षरशः ओढून काढावं लागलं.

सुपारीकातरी:
अपडेट. मैत्रिणीला लिंक पाठवली. दोन मिनिटांत उत्तर: 'गाजरांचे पैसे मी दिले होते, तुझ्याकडे सुट्टे नव्हते. आणि उलटी मला नाही, तुला येत होती.'

चणेफुटाणे:
ओढणी कुणाची होती ते आधी क्लिअर करा 😂😂

सुपारीकातरी:
फोन चालू आहे तिच्याशी, चाळीस मिनिटं झाली, नंतर लिहिते

पुणेरी_पाटी_नको:
अहो पण गाडी किती वाजता?