मुले मोठी झाल्यावर ट्रक चालवायला घेणे: ‘ही हौस आहे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पिंपळगावची:

गेल्या आठवड्यात ‘कळंबोलीकर’ यांनी येथे लिहिले की चाळिशी उलटलेल्या बाईने अवजड वाहनाचा परवाना काढणे ही हौस आहे, तो व्यवसाय होऊ शकत नाही. कंबर, डोळे आणि घर ही तिन्ही त्या वयात साथ देत नाहीत आणि वर्तमानपत्रातील छायाचित्रे पाहून कोणी भुलू नये, असेही त्यांचे म्हणणे होते. ते वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे वय 47 आहे. थोरली मुलगी परिचारिका झाली, धाकटा आयटीआय करून चाकणला लागला. एकवीस वर्षे मी त्यांचे डबे, शाळा आणि आजारपणे सांभाळली, आणि त्याच एकवीस वर्षांत शेतात ट्रॅक्टर चालवला, टोमॅटोच्या हंगामात पहाटे चारला पिकअप भरून बाजार समितीत नेली. त्या कामाला घरात कोणी नोकरी म्हटले नाही, पण हात त्यातच बसला. हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जुना असला की अवजड मालवाहू वाहनाचा शिकाऊ परवाना मागता येतो, तो मी मागितला. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्राने 2019 साली काढली नसती, तर मला अर्जही भरता आला नसता. कायद्याने वयाची खालची मर्यादा वीस वर्षांची घातली आहे, वरची घातलेली नाही. परवाना पाच वर्षांचा असतो आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणजे माझ्या कंबरेचा आणि डोळ्यांचा निकाल डॉक्टरांनी द्यायचा असतो.

खरी अडचण परवाना हातात आल्यावर सुरू झाली. सात महिने मी मालकांच्या कार्यालयांत जात होते आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न होता, अनुभव किती? तो मिळवायचा कोठे, हे एकानेही सांगितले नाही. शेवटी आमच्याच गावच्या एका मालकाने दहा टायरची गाडी दिली, कारण त्याचा चालक हंगामाच्या ऐन मध्यावर सोडून गेला होता. अकरा महिने झाले, मी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माल उतरवून परत येते. नंदुरबारमध्ये वाढलेल्या योगिता रघुवंशी यांनी पतीच्या निधनानंतर, पदरी दोन मुले आणि हाताशी कायद्याची पदवी असताना ट्रक हाती घेतला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यांना कोणी हौशी म्हणत नाही. मग मलाच का?

कळंबोलीकर:

ताई, आपण माझे अर्धेच म्हणणे उचलले आहे. मी या धंद्यात अठ्ठावीस वर्षे आहे आणि त्यातली पहिली साडेचार वर्षे मी क्लीनर होतो. टॉमी म्हणजे लोखंडी दांडा टायरवर मारून आवाजावरून हवा ओळखणे, ताडपत्री अशी ओढणे की घाटातल्या वाऱ्यात तिचा एक कोपराही सुटू नये, गाडी मागे घेताना उस्तादाला, म्हणजे शिकवणाऱ्या मुख्य चालकाला, साइड देणे (मागे किती जागा आहे ते सांगणे), उतारावर गाडी कशी सोडायची ते त्याच्या शेजारी बसून पाहणे, हे सारे मी गाडीखाली झोपून शिकलो. आमची शाळा तीच होती. पंचेचाळीस वर्षांची बाई कोणाची क्लीनर होणार? कोणता उस्ताद तिला घेईल आणि घेतले तरी तिच्या घरचे ते कसे खपवून घेतील? हे वगळून जो परवाना मिळतो, तो माझ्या लेखी कागद आहे.

दुसरे म्हणजे रात्र. महामार्गावरच्या पंपांवर बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि चावी ज्याच्याकडे असते तो झोपलेला असतो. अपघात झाला तर चूक कोणाची हे विचारण्याआधी जमाव चालकाला मारतो. अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या नव्या कायद्याविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा त्या शिक्षेइतकीच या मारहाणीची भीती त्यामागे होती. मी माझ्या मुलीला या धंद्यात येऊ देणार नाही. मुलालाही येऊ दिले नाही.

चालकाची मुलगी:

काका, ‘घर साथ देत नाही’ हे वाक्य वाचून माझा संताप झाला. माझे वडील तीस वर्षे ट्रकवर होते. महिन्यातले चार-पाच दिवस ते आम्हाला दिसत. दहावीचा निकाल मी त्यांना पंपावरच्या फोनवर सांगितला आणि आजी गेली तेव्हा ते गुवाहाटीच्या वाटेवर होते. त्या तीस वर्षांत घराने साथ दिली ती आईच्या जिवावर, आणि वडिलांना एकदाही कोणी विचारले नाही की मुले लहान असताना आपण हा व्यवसाय कसा काय करता. आता एक बाई मुले वाढवून, त्यांना मार्गाला लावून मग बाहेर पडते आहे, तर तिच्या घराची काळजी आपणास वाटू लागली. ती मोकळी आहे. खरे तर या धंद्याला हवा तसा माणूस तीच आहे, कारण तिची वाट पाहत दारात कोणी लहान मूल बसलेले नाही.

सहा गाड्यांचा मालक:

मालकांवर ठपका आला आहे, म्हणून लिहितो. माझ्या सहा गाड्यांपैकी दोन गाड्या चालक नाही म्हणून अनेकदा अंगणात उभ्या असतात, आणि तरीही मी पिंपळगावच्या ताईंना परत पाठवले असते. गाडी कर्जाची असते, हप्ता थांबत नाही, आणि पहिल्या वर्षाच्या चालकाच्या हाती ती देताना झोप उडते. कारखाना बंद पडल्यामुळे आलेल्या एका 44 वर्षांच्या गृहस्थांना मी एकदा ठेवले होते. तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी गिअरबॉक्स फोडला आणि त्या महिन्याचा माझा सगळा हिशोब कोलमडला. ते अजून माझ्याकडे आहेत आणि पाच वर्षांत दुसरे नुकसान झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे, जरी त्यामुळे माझेच म्हणणे दुबळे होते.

परंतु नव्या माणसाला शिकवण्याइतकी फट आमच्याकडे उरते कोठे, याचाही विचार करा. माल ज्याचा, हमाली त्याची, असे असायला हवे; प्रत्यक्षात उतराईच्या ठिकाणी वाराई, म्हणजे माल उतरवण्याची मजुरी, गाडीवाल्याकडून कापली जाते. त्यावर ई-चलन. जुलै 2025 मध्ये आम्ही गाड्या बंद ठेवल्या त्या याच जाचाला कंटाळून, आणि अवजड गाडीवर क्लीनर असलाच पाहिजे ही सक्ती काढा, हीही आमची मागणी होती. क्लीनर मिळतच नाहीत. कळंबोलीकर ज्या शाळेचे नाव घेतात, तिच्यात आज कोणी नाव घालत नाही.

जुना मेकॅनिक:

मला मूळ प्रश्नापेक्षा कळंबोलीकरांच्या एका शब्दावर थांबावेसे वाटते. ‘उतारावर गाडी कशी सोडायची’ ते उस्तादाने शिकवले, असे आपण लिहिता. सोडायची म्हणजे काय? मी चौतीस वर्षे ब्रेकचे काम केले आहे, आणि ‘सोडणे’ म्हणजे न्यूट्रल करणे हा अर्थ मी शेकडो चालकांच्या तोंडून ऐकला आहे.

गाडी गिअरमध्ये असताना उतारावर इंजिनच चाकांना धरून ठेवते. न्यूट्रल केले की तो आधार जातो आणि सगळे वजन ब्रेकवर येते. ब्रेकचे लायनर (चाक घासून थांबवणारे अस्तर) तापतात, तापले की पकड सोडतात. ट्रकचे ब्रेक ज्या दाबाच्या हवेवर चालतात, ती हवा इंजिन मंद फिरत असल्यामुळे कॉम्प्रेसर टाकीत हळू भरतो, आणि चालक पुन्हा पुन्हा पाय मारून ती वेगाने संपवतो. इंजिनच बंद केले असेल, तर हवा भरणे थांबते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर 20 नोव्हेंबर 2022 रोजी एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना ठोकरले. त्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये आणू नका, असे पोलीस वारंवार सांगत आले आहेत. आपल्या शाळेत हेच शिकवले जात असेल, तर ताईंनी ती वगळली यात त्यांचे कल्याण झाले.

कळंबोलीकर:

आपण मला खुनी ठरवत आहात काय? अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून एक माणूस दुखावलेला नाही. न्यूट्रल मी लांब, सरळ, मोकळ्या उतारावर करतो, घाटात नव्हे, आणि ते हौसेने करत नाही. मालक पुणे ते बेंगळूरु इतके लिटर म्हणून डिझेल मोजून देतो, त्यावर लागले तर भत्त्यातून कापतो. वातानुकूलित खोलीत बसून इंजिनाचे शास्त्र सांगणे सोपे आहे.

जुना मेकॅनिक:

माझ्या गॅरेजला पत्र्याचे छप्पर आहे. आपण सरळ उतार म्हणता, पण नवले पुलाकडचा रस्ताही चालकाला सरळ आणि मोकळाच दिसतो. शिवाय जे डिझेल वाचावे म्हणून हे केले जाते, ते वाचतही नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असेल आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसेल, तर इंजिनाला होणारा डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळत राहते. आपल्या उस्तादाच्या वेळच्या गाड्या आता रस्त्यावर फारशा नाहीत. मी हे रागाने लिहितो, कारण माझा मेहुणा खंबाटकी उतरताना गेला आणि त्याची गाडी मीच खोलून पाहिली होती. गिअर लीव्हर मोकळा होता.

सहा गाड्यांचा मालक:

डिझेल मोजून मीही देतो. या विषयावर माझ्याकडे बोलण्यासारखे काही नाही. पुढच्या महिन्यापासून घाटाच्या मार्गांवर कपात बंद करीन, एवढे येथे लिहून ठेवतो.

ब्रॅम्प्टनहून:

मी मूळची सांगलीची, आता कॅनडात. दोन्ही मुले विद्यापीठात गेल्यावर, 49 व्या वर्षी, येथे ट्रेलरचा परवाना काढला. ऑन्टॅरियोमध्ये 1 जुलै 2017 पासून रस्त्यावरच्या परीक्षेआधी किमान एकशे साडेतीन तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे, आणि त्यात उतार, ब्रेकची तपासणी, माल बांधणे, गाडी मागे घेणे हे सर्व येते. तेथे मला कोणाची क्लीनर व्हावे लागले नाही. ते तास पुरेसे नव्हते, हे मी मान्य करते. पहिल्या हिवाळ्यात बर्फावर मी रडले आहे. पण अनुभव कोठून आणायचा या प्रश्नाला निदान एक लेखी उत्तर होते. भारतात ते उस्तादाच्या मर्जीवर सोडलेले आहे, आणि उस्ताद बाईला घेत नाही.

कळंबोलीकर:

तेथील गोष्ट तेथे राहू द्या. तेथे चालकाला महाशय म्हणतात, येथे ‘ए ड्रायव्हर’ म्हणतात. आमच्यासाठीही 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा आठ तासांची पाळी सांगत होता, 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, आणि मी कधी कधी सोळा तास गाडीवर असतो. कागदावर तासांची कमतरता येथेही नाही.

पिंपळगावची:

उताराविषयी मलाही सांगायचे आहे, कारण तेथेच माझ्या शिकण्याचा प्रश्न सुटला. पहिल्या तीन फेऱ्यांना मालकाने शेजारी एक निवृत्त एसटी चालक बसवले होते. इगतपुरी सोडून कसारा घाट लागण्याआधी त्यांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि एवढेच सांगितले: ज्या गिअरमध्ये हा घाट भरल्या गाडीने चढशील, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, आणि मागचा कितीही भोंगा वाजवो, ऐकायचे नाही. तीन फेऱ्यांत जे मिळाले ते कळंबोलीकरांना साडेचार वर्षांत मिळाले, असे मी म्हणणार नाही. दोर बांधणे मला आजही त्यांच्यासारखे येत नाही, आणि जॅक लावून मागचे आतले चाक काढायला मला मदत लागते. ती मी मागते आणि मिळते. परंतु वाहन तोलणे, थकवा ओळखणे, चार वाजता उठून सलग काम करणे आणि रागावलेल्या माणसापुढे शांत राहणे हे मला शिकवावे लागले नाही. दोन मुले वाढवताना मी रात्र-रात्र जागलेली आहे. 2023 पासून एसटीच्या बस बायका चालवतात, त्यांना महामंडळाने आधी प्रशिक्षण दिले आणि मगच प्रवासी सोपवले. मालवाहतुकीत असे तीन-सहा महिने पगारावर शिकवणारा कोणी असेल, तर माझ्या गावातूनच चार जणी उद्या येतील.

स्वच्छतागृहाविषयी कळंबोलीकर खरे बोलले. मी दुपारनंतर पाणी कमी पिते, आणि त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात दोनदा आजारी पडले. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे. माझी गाडी जुनी आहे. तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ या नावाने चालकांच्या झोपण्याची सोय केली, ती चांगलीच आहे, पण माझी गरज एका कडीच्या दाराची आहे.

चालकाची मुलगी:

काका, याला तरी आपण हौस म्हणाल काय?

कळंबोलीकर:

हौस हा शब्द मी मागे घेतो. बाकीचे घेत नाही. तीन फेऱ्यांत चालक तयार होत नाही आणि अकरा महिन्यांतही होत नाही. पावसाळ्यातला दुसरा कसारा झाला की मग बोलू. डिझेल बंद होण्याविषयी मेकॅनिकसाहेबांनी लिहिले ते मी दोन शोरूमवाल्यांना विचारले आणि दोघांनीही तेच सांगितले, म्हणून ते मान्य करणे भाग आहे. सवय एका दिवसात जाणार नाही, पण नवले पुलाकडे उतरताना परवा मी गिअर काढला नाही.

ताई, कळंबोलीला माल घेऊन आलात तर स्टील मार्केटच्या मागच्या बाजूला रात्री गाडी लावू नका, तेथे डिझेल चोरतात. वजनकाट्यासमोर लावा, उजेड असतो. काट्याच्या आत स्वच्छतागृह आहे आणि त्याला कडी आहे. चावी मागताना माझे नाव सांगा.