फोरप्ले (Fourplay) हा जॅझ बँड लोकांना एवढा का आवडतो?

रात्रपाळी: ऑफिसातले एक काका दिवसभर फोरप्ले लावून बसतात. त्यांच्या नादाने १९९१चा पहिला अल्बम ऐकला. वाईट काहीच नाही, पण लक्षातही काही राहत नाही. हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसलं. एवढे दिग्गज जमले ते हे करायला?

डग्गा: लॉबीत वाजतं हे खरंच, नाकारायचं कशाला! पण मी साथीला बसणारा तबलजी, माझा कान आधी ड्रम्सकडे जातो. इथला ड्रमर हार्वी मेसन म्हणजे जॅझ पियानोवादक हर्बी हँकॉकच्या 'हेड हंटर्स' अल्बमवर (१९७३) वाजवलेला माणूस. हात किती फिरतो हे त्याला कुणाला दाखवायचं नाहीये. त्याच पहिल्या अल्बममधलं 'बाली रन' हेडफोनवर लावा, चाल सोडून द्या आणि नुसता हाय-हॅट (ड्रम्समधली झांजांची जोडी) धरा. कुठे ठोका दाबून, कुठे निव्वळ स्पर्श. मग बास. नेथन ईस्ट रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनबरोबर वर्षानुवर्षं वाजवतोय, डाफ्ट पंक या जोडीच्या 'गेट लकी' गाण्यावरही तोच. इथे मात्र दोन स्वर वाजवून गप्प बसायची त्याची तयारी असते. बॉब जेम्सचा पियानो बोलत असताना ली रिटनॉरची गिटार मध्ये तोंड घालत नाही.

आमच्याकडे दोन तयारीचे वादक समोरासमोर आले की लगेच सवाल-जवाब, टाळ्या वसूल. इथे टाळी कुणी मागतच नाही. मला भावतं ते हे.

बाकी कीबोर्डचे काही आवाज फारच तुपकट आहेत, ते गोड मानून घ्यायचे.

सहावी तार: रिटनॉर सफाईदार, पण माझं मत लॅरी कार्लटनला. १९९८मध्ये रिटनॉरच्या जागी तो आला आणि गिटारीत ब्लूज शिरला. स्टीली डॅन या रॉक बँडच्या 'किड शार्लमेन'मधला गिटार सोलो त्याचाच! २०१०पासून गिटारीवर चक लोब होता, तो २०१७मध्ये वारला. 'सिल्व्हर' या अल्बममध्ये (२०१५) रिटनॉर आणि कार्लटन दोघंही पाहुणे आहेत. तुलना करायची तर तिथून करा.

रात्रपाळी: हाय-हॅट धरून ऐकलं. ड्रम्स पटले. पियानो अजून लॉबीतच आहे.

डग्गा: मग बॉब जेम्सचा १९७४चा 'नॉटिलस' ऐका. हिपहॉपवाल्यांनी त्याचे तुकडे आपल्या गाण्यांत पोटभर उचललेत. काकांना सांगू नका, तेही तेच लावून बसतील.