मावशींना काढावं का? मुलगा भरल्या बादलीपाशी सापडला

चिऊची आई:
आम्ही पुण्यात राहतो. मुलगा चौदा महिन्यांचा, धरून धरून चालतो. मावशी आठ महिन्यांपासून आहेत, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा. त्याला त्यांचा इतका लळा की मी घरी आले तरी कडेवरून उतरत नाही. काल मीटिंग चालू असताना सहज हॉलचा कॅमेरा उघडला. बाथरूमचं दार सताड उघडं आणि चिऊ दोन्ही हातांनी भरलेल्या बादलीचा काठ धरून उभा. मावशी कुठेच दिसेनात. फोन केले, उचलले नाहीत. चार मिनिटांनी आल्या, त्याला उचलून नेलं. संध्याकाळी विचारलं, "दार उघडं राहिलं होतं का आज?" तर म्हणे, "नाही ताई, मी कडी लावूनच ठेवते." नवरा म्हणतो, महिन्याचा पगार हातात ठेव आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांग. सासूबाई म्हणतात, असं माणूस परत मिळायचं नाही.

रोखठोक:
काढा, आजच. बुडायला बादलीभर पाणी लागत नाही, दोन-तीन इंचही पुरतं. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड. मूल वाकलं की तोल जाऊन डोक्यावर आत, आणि परत वर यायची ताकद हातांत नसते. ओरडणंही ऐकू येत नाही. चार मिनिटं म्हणजे फार झाली हो.

तिसरा मजला:
बादली भरून कोणी ठेवली होती? आणि मावशी होत्या कुठे, ते लिहिलंच नाहीत.

चिऊची आई:
बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. बादली नवऱ्याने भरली होती. आमच्याकडे नऊनंतर पाणी जातं.

मधली लेक:
वाटलंच! माझी आई बावीस वर्षं लोकांची मुलं सांभाळतेय. ठेवताना म्हणतात फक्त बाळाकडे बघायचं. पंधरा दिवसांत "जाता जाता" कपडे, मग भाजी निवडणं, मग कुकर. पगार तोच. आणि खोटं बोलल्या म्हणता, तर खरं बोलून काय मिळणार होतं त्यांना? तुमचे अहो तर पगार मोजून तयारच. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा आपल्या राज्यात २००८ साली झाला, पण आईला एका घराने लिफ्टमध्ये उभ्या उभ्या काढलं होतं.

रोखठोक:
कपड्यांचं मान्य. पण मला दारापेक्षा ते "नाही ताई" जास्त खुपतंय. उद्या पोरगं पलंगावरून पडलं, डोकं आपटलं, रात्री उलट्या सुरू झाल्या, तर डॉक्टर पहिलं काय विचारणार? पडला होता का? तेव्हाही "नाही ताई"च आलं तर?

दोन नातींची आजी:
कॅमेरा आहे हे मावशींना ठाऊक आहे का?

चिऊची आई:
नाही. टीव्हीच्या वर आहे. सांगायचं राहून गेलं.

दोन नातींची आजी:
मग उत्तर खिशात ठेवून प्रश्न विचारलात तुम्ही. आधी त्यांना कॅमेरा दाखवा आणि मग तोच प्रश्न परत विचारा. तेव्हा काय म्हणतात त्यावरून ठरवा. आणि बाथरूमच्या दाराला तुमच्या डोक्याच्या उंचीवर कडी बसवून घ्या. ते काम मावशींचं नव्हे.

रोखठोक:
कडीचं ठीक. पण पकडल्यावर सगळेच खरं बोलतात, आजी.

चिऊची आई:
आज सकाळी मोबाइल त्यांच्या पुढ्यात धरला. पूर्ण चार मिनिटं बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या, "ताई, मला वाटलं मिनिटभरच गेले होते." उठल्या, बाथरूममध्ये जाऊन बादली उपडी घातली आणि तिथेच दाराशी बसून राहिल्या. कपडे मी बंद केलेत. नवऱ्याचं समाधान नाही, शनिवारी पाळणाघर बघायला जायचं म्हणतोय. मी आता ऑफिसात आहे, बाजूला कॅमेरा उघडाच आहे.

रोखठोक:
जा शनिवारी. तिथलंही बाथरूम आधी बघा.