कार्बन कर गोळा करून परतच वाटायचा, तर लावायचा कशाला?

प्रश्न:
मी हिशेबनीस, अर्थशास्त्राचा गंध नाही. सरकार इंधनावर कार्बन कर लावणार आणि जमलेली रक्कम सगळ्यांना सारखी वाटणार, असं वाचलं. म्हणजे या खिशातलं काढून त्या खिशात! मग पेट्रोल कमी कोण जाळेल?

प्रतिसाद १:
हिशेबनीस असून हे विचारताय? :) लिटरभर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. टनाला ५० डॉलर कर धरा, म्हणजे लिटरमागे साडेअकरा सेंट. एक घर वर्षाला ३००० लिटर जाळतं, कर ३४५ डॉलर. दुसरं १०००, कर ११५. जमा ४६०, परत प्रत्येकी २३०. आता अशी लाखो घरं आहेत असं समजा. तुम्ही १०० लिटर वाचवलेत तर कर साडेअकरा डॉलरनी उतरतो, परतावा मात्र तुमच्यापुरता जिथल्या तिथे. तो तुमच्या वापराला बांधलेलाच नाही. सगळी गंमत तिथे आहे.

प्रतिसाद २:
गणित बरोबर, पण पेट्रोलवर फार भिस्त ठेवू नका. कामावर जायचं ते जायचंच, लोक चडफडत भरतात. कर खरा चावतो तो वीज केंद्रांना. कोळशाच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो उत्सर्जन, गॅसच्या त्याच्या निम्म्याहून कमी. कर लागला की आधी कुठलं केंद्र चालवायचं याचा क्रमच पालटतो. ब्रिटनने २०१३ मध्ये कार्बनला किमान किंमत ठरवून दिली. तिथलं शेवटचं कोळसा केंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झालं. एकट्या करामुळे नाही, पण त्याचा वाटा मोठा.

प्रश्नकर्ता:
परतावा वापराला बांधलेला नाही, हे निसटलं होतं खरं. वहीत मांडून पाहिलं, जुळलं. पण ज्याच्या दारावरून बस जात नाही, त्याने काय करायचं? तो ३००० लिटरवालाच राहणार.

प्रतिसाद १:
त्याला भुर्दंडच. सरासरीत तो दिसत नाही, मतदानात दिसतो. कॅनडात २०१९ पासून इंधनावर कर होता, बहुतेक पैसा घरोघरी परतही जायचा. लोकांना पंपावरचा आकडा रोज दिसे, परतावा तीन महिन्यांतून एकदा. एप्रिल २०२५ मध्ये ग्राहकांवरचा कर गुंडाळला. मोठ्या उद्योगांवरचा ठेवला.